दारातला उपाशी माणूस

आमच्या नारायण पेठेत एक रीत आहे. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी मंडळी देवळात जमतात आणि दर साली एकाने आपल्या धंद्यातले काही सांगायचे. मागल्या साली वैद्यबुवा नाडीवर बोलले. त्याच्या आदल्या साली घोड्यांच्या दलालाने खोडीचा घोडा कसा ओळखावा ते सांगितले, आणि ज्यांनी जन्मात तट्टूदेखील बाळगले नाही तेही माना डोलावत बसले. यंदा माझी पाळी लावली आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. माझे सगळे बोलणे दोन माणसांच्या मधे, आणि बहुतेक वेळा ती एकमेकांकडे पाहत नसताना झालेले. म्हणून लिहून आणले आहे.

माझा धंदा तडजोडीचा. तो कसा चालतो ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की मी तगादेवाल्यांचाच माणूस. तसे नाही.

एखाद्याचे कर्ज थकले आणि सावकार कंटाळला, तर तो सहसा सरकारात जात नाही. सरकारने वसूल करून दिले तर चौथा हिस्सा सरकारचा, आणि वर कारकुनांचे हात ओले करायचे. त्यापेक्षा तो रोखा, म्हणजे कर्जदाराने लिहून दिलेला कागद, निम्म्याशिम्म्या किमतीला तगादेवाल्याला विकून मोकळा होतो. तगादेवाला म्हणजे दुसऱ्याचे बुडीत कर्ज वसूल करणे हाच ज्याचा धंदा. त्याच्यापाशी माणसे असतात. काही नुसते ओरडतात. काही दार अडवतात, कर्जदाराला डोक्यावर धोंडा देऊन उन्हात उभे करतात. आणि एवढ्याने भागले नाही तर शेवटी बसणारा येतो.

बसणारा ब्राह्मण असतो. तो दारात बसतो, हातावर पाणी सोडतो आणि म्हणतो, माझे समाधान होईतो अन्न घेणार नाही. याला धरणे म्हणतात. तो जोवर उपाशी, तोवर ज्याच्यावर धरणे आहे त्याने अन्न तोंडात घालायचे नाही, त्याच्या घरात चूल पेटायची नाही. हे कोणत्या पोथीत लिहिले आहे ते मला विचारू नका. पण ही रीत मोडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. बसणारा दारात मेला तर ब्रह्महत्या. त्या घरचे पाणी मग कोणी पीत नाही, त्या घरात मुलगी कोणी देत नाही. सरकार घर जप्त करते ते निराळेच.

या दोघांच्या मधे मी उभा राहतो. दोघांना पेलेल असा आकडा काढतो, हप्ते बांधून देतो, कागद लिहून देतो. ठरलेल्या रकमेवर शेकडा दोन रुपये माझे, एक याच्याकडून, एक त्याच्याकडून. काम चालू असेतो कोणाच्या घरचे पाणी पीत नाही. आणि जामीन कोणालाच राहत नाही. वडिलांनी धंद्यात घातले तेव्हा एवढेच सांगितले होते की आकडा आपला, पैसा परका.

या धंद्यात हसू येण्याजोगेही पुष्कळ घडते. एका शिलेदाराच्या दारात धरणे बसले, तर हे महाराज मागच्या दाराने घोड्यावर बसून मोहिमेला निघून गेले आणि बसणारा रिकाम्या घरापुढे उपास करीत राहिला. त्याला उठवायचे कोणी? शेवटी मीच त्याची समजूत घातली की ज्या घरात चूलच नाही तिथे चूल बंद ठेवून काय मिळणार. एका कर्जदाराला रोज धोंडा देऊन उभे करीत, तो म्हणाला, "अण्णा, सासऱ्याने दिलेल्या पागोट्यापेक्षा हलका आहे." एक सावकारीणबाई तर भाड्याचा बसणारा परवडत नाही म्हणून स्वतःच पुतण्याच्या दारात बसल्या, आणि दुपार कलली तशी शेजारणीला विचारू लागल्या, "आज तुमच्याकडं भरीत केलंय का हो?"

आता आतली गोष्ट सांगतो, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. बसणारे जेवतात. दारात नाही, पण पहाटे स्नानाला नदीवर जातात तेव्हा उपरण्यात लाह्या-गूळ बांधलेला असतो. तगादेवाल्याचीच ती सोय. मला ठाऊक, त्याला ठाऊक, बसणाऱ्याला ठाऊक. कर्जदाराला तेवढे ठाऊक नसते. म्हणून घाबरलेल्या घराला माझे सांगणे ठरलेले असे, "दम धरा. दोन दिवस गेले की आकडा उतरतो." आणि तो उतरतही असे.

रामजी तांबटाच्या घरीही मी हेच सांगितले.

रामजी कसब्यातला, हाताचा चांगला कारागीर. फौजेसाठी हंडे-तपेली पुरवायचे काम त्याला मिळाले. तांबे घ्यायला त्याने सहाशे रुपये कर्ज काढले, माल वेळेवर दिला आणि पैशाऐवजी सरकारातून त्याला वरात मिळाली, म्हणजे अमक्या महालाच्या वसुलातून एवढे पैसे घ्यावे अशी चिठ्ठी. महाल लांबचा. तिथल्या कमावीसदाराने, म्हणजे सरकारच्या वसुली अंमलदाराने, रामजीला दोनदा जेवू घातले आणि दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवले. इकडे सावकाराने रोखा चिंतोपंतांना विकला.

चिंतोपंत हे तेव्हा शहरातले सर्वांत मोठे तगादेवाले. आवाज कधी चढवायचे नाहीत. कायम पानाचा डबा जवळ, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळावे.

रामजीकडून मला बोलावणे आले तेव्हा धरणे आदल्या दिवशीच बसले होते. तांबटआळीत मी लहानपणापासून जातो. तिथे हातोड्यांच्या आवाजात बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. त्या दिवशी रामजीच्या दाराकडे जाताना मला माझ्याच वहाणांचा आवाज ऐकू आला. शेजारचेही हात आवरून ठोकत होते, सुतक असल्यासारखे. समोरच्या ओट्यावर चिंतोपंतांचा राणू नावाचा माणूस बसला होता. तो लोणी काळभोरचा. त्याचे काम रामजीच्या कौलांकडे पाहत राहण्याचे. कौलांतून धूर निघाला की चूल पेटली, आणि चूल पेटली की बोभाटा करायचा.

"काय राणू, दिसला का धूर?"

"न्हाई अजून. काल शेजारचा धूर हिकडं वळला, तर म्या उगाच बोंबललो. पंतांनी शिव्या घातल्या." मग आवाज उतरवून म्हणाला, "म्हातारा आमच्याच गावचा हाय, अण्णा. जरा बघा."

म्हातारा उंबऱ्याशी बसला होता. नरहरभट त्याचे नाव. अंगावर एक पंचा, पुढ्यात तांब्या. मी याआधी त्याला दोन दारांत पाहिले होते. दोन्ही खेपेस तो गप्पिष्ट होता, येणाऱ्याजाणाऱ्याला पंचांग सांगायचा. आज त्याने माझ्याकडे मान वळवली नाही.

आत रामजी भिंतीला टेकून बसला होता. त्याची आई म्हणाली, "पोरांना शेजारी जेवायला धाडलंय. आम्ही राहू उपाशी, त्याचं काही नाही. पण त्या म्हाताऱ्याकडं बघवत नाही हो. माझ्या दारात काही झालं तर?"

"काही होत नाही, आजी," मी म्हणालो. "दम धरा."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नदीवर गेलो. मुद्दाम नव्हे, मी रोजच जातो. पण डोळे नरहरभटाला शोधत होते हे खरे. राणू काठावर बसला होता. म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहिला, कशीबशी संध्या आटोपली, ओंजळभर पाणी तोंडात घेतले, खळखळले आणि थुंकून टाकले. पुन्हा घेतले, पुन्हा थुंकले. मग काठावर येऊन पंचा पिळला. पंच्यात काही नव्हते. मी वाट पाहिली. राणूने काही काढून दिले नाही.

मी या लाह्या-गुळाच्याच भरवशावर एका घराला दम धरायला सांगून आलो होतो.

"भटजी," मी जवळ जाऊन विचारले, "लाह्या?"

"आणल्या नाहीत."

"पंतांनी दिल्या नाहीत?"

"दिल्या होत्या. मी राणूला दिल्या." त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती, शब्द तुटत होते. "मी चिंतोपंतांचं देणं लागतो, अण्णा. मुलीच्या लग्नात चाळीस घेतले. आता एकाहत्तर झालेत. ते म्हणाले, बसून फेडा. पाच दारांत बसलो. दर खेपेला म्हणतात, या खेपेला फिटेल."

"मग?"

"मग या खेपेला विचारलं, नक्की कधी? तर म्हणाले, रामजीच्या दारात मेलास तर रोखा फाडून टाकीन. हसत म्हणाले. थट्टेत की खरं, मला कळलं नाही. मी खरं धरलंय." पंचा खांद्यावर टाकत तो म्हणाला, "नाहीतर ते सगळं मुलावर चढेल. त्याला दुसरं काही देता येण्यासारखं माझ्याजवळ नाही."

आणि राणूच्या खांद्याचा आधार घेत तो रामजीच्या दाराकडे चालू लागला.

मी घरी गेलो नाही. तसाच ओलेत्याने चिंतोपंतांकडे गेलो आणि सांगितले, आजच्या आज बसून तोडायचे. ते माझ्या धोतरातून गळणाऱ्या पाण्याकडे पाहत म्हणाले, "तुम्हाला कधी घाई झालेली पाहिली नव्हती, अण्णा. घर पवित्र झालं." घाई दाखवली की आकडा चढतो, हे मी लोकांना शिकवतो.

ते आले ते जेवून आले. रामजीच्या ओट्यावर, म्हाताऱ्यापासून चार हातांवर, सतरंजी टाकून आम्ही बसलो. रामजी दाराआड उभा होता. आळीतली माणसे हातोडे ठेवून गोळा झाली.

"नऊशे," चिंतोपंत म्हणाले. "सहाशे मुद्दल. शेकडा दोनप्रमाणे वीस महिन्यांचं व्याज दोनशे चाळीस. बसणाऱ्याचा भत्ता साठ."

"साठ? बसणारा पालखीतून आला काय?"

"उपास महाग झालाय हो पुण्यात."

"रोखा तुम्ही तीनशेला घेतलात."

"कोण म्हणतं?"

"सावकार म्हणतात."

"खोटं बोलतात. साडेतीनशे." आणि स्वतःच हसले.

मी म्हणालो, याच्याजवळ सरकारची वरात आहे, ती घ्या. ते म्हणाले, "अण्णा, ती वरात तुम्ही घ्या, मी तुम्हाला रामजी देतो." लोक हसले. मला हसू आले नाही, कारण मी म्हाताऱ्याकडे पाहत होतो. त्याने डोके चौकटीला टेकले होते. डोळे उघडे होते, पण माशी पापणीवर बसली तरी पापणी हलली नाही.

एरवी मी अशा वेळी उठून जातो. तासलेला आकडा थोडा वाळू द्यावा लागतो. त्या दिवशी उठायची हिंमत झाली नाही. परत येईतो काय झालेले असेल सांगता येत नव्हते. चारशेपासून मी चढत गेलो, नऊशेपासून ते उतरत आले. रोख्यापोटी चारशे ऐंशीवर ते थांबले. भत्ता मी निम्मा करा म्हणालो. "नाही," ते म्हणाले, "व्याज सोडतो, मुद्दल सोडतो, पण माझ्या माणसाचा उपास मी सोडणार नाही. भत्ता पुरा साठ, आणि कागदात वेगळा मांडा." मी मांडला. एकूण पाचशे चाळीस. तयार भांडी विकून शंभर आज, उरलेले चारशे चाळीस दरमहा वीसप्रमाणे.

"जामीन कोण?" चिंतोपंतांनी विचारले.

मी रामजीकडे पाहिले. रामजीने आळीकडे पाहिले. ज्याच्या दारात ब्राह्मण उपाशी बसलेला आहे त्याला जामीन राहायला पुढे येणार कोण? एकेक जण आपल्या पायांकडे पाहू लागला. तेवढ्यात म्हाताऱ्याचा हात मांडीवरून घसरून उंबऱ्यावर आपटला. आवाज लहानसाच झाला. रामजीच्या आईने आतून किंकाळी फोडली.

"मी राहतो," मी म्हणालो.

चिंतोपंतांनी भुवया चढवल्या. "लिहून घ्या रे कोणीतरी. हे पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

लेखणी माझीच, कागद माझाच, सही माझीच. वळणदार अक्षराबद्दल लोक मला नावाजतात, पण ही सही मुलाने काढल्यासारखी आली. मनात एकच हिशेब चालला होता: घर दोन खणांचे, बायकोचे दागिने चाळीस रुपयांचे, घरात तीन मुली. रामजीचा एक हप्ता चुकला की राणू माझ्या कौलांकडे पाहत बसणार.

पण तोड झाली होती. रामजीच्या आईने तबकात विडा आणला. तोड पटल्याची खूण म्हणून तगादेवाल्याने तो खायचा असतो. चिंतोपंतांनी विडा उचलून तोंडात घातला. दुसऱ्या तबकात शिधा होता: तांदूळ, डाळ, गूळ, वाटीभर तूप. तो बसणाऱ्यापुढे ठेवायचा, त्याने हात लावायचा, की धरणे उठले. मग चूल पेटवायला घर मोकळे.

शिधा पुढे ठेवला. नरहरभटाने हात लावला नाही.

"उठा भटजी," चिंतोपंत म्हणाले. "फिटलं."

"माझा रोखा," म्हातारा म्हणाला.

"त्याचं मग पाहू. उठा आता."

"मग नाही." आवाज इतका बारीक की मागची माणसे पुढे सरकली. त्याने तांब्यातले पाणी हातावर घेतले, अर्धे वाटेतच सांडले. उरलेले सोडून तो म्हणाला, "रामजीवरचं धरणं उठलं. आता चिंतोपंतांवर बसलोय. माझा कागद मिळेतो अन्न घेणार नाही."

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग आधी राणूला कळले. तो चिंतोपंतांच्या तोंडाकडे पाहू लागला. मग आळी पाहू लागली. मीही पाहिले.

चिंतोपंतांच्या तोंडात विडा होता. गाल फुगलेला तसाच राहिला. चावता येईना, गिळता येईना. इतकी वर्षे त्यांनी शेकडो घरांच्या चुली बंद पाडल्या. पण ज्याच्यावर धरणे त्याने खायचे नाही ही रीत आपल्याच जिभेवर कधी यावी हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. जो आपले देणे लागतो त्यालाच आपण दारोदार बसवतो, आणि बसणे एवढे एकच हत्यार त्याच्या हाती देतो, हा विचार एवढ्या हुशार माणसाने केला नव्हता. त्यांची मान खाली गेली. ते उठले, ओट्याच्या कडेला गेले आणि विडा गटारात थुंकले. ओठ पुसताना हात लाल झाला. कोणी हसले नाही.

"इथं मेलास तर रामजीच्या दारात मेलास," परत येऊन ते म्हणाले. पण आवाजातली ती थंडी गेली होती.

"अहो, आमचं फिटलंय!" आतून म्हातारी ओरडली. "कागद झालाय!"

तिचे खरे की त्यांचे खरे, हे सांगायला शास्त्री आणायला पाहिजे होता, आणि शास्त्री येऊन वाद मिटेतो म्हातारा राहिला नसता. मी चिंतोपंतांना कोपऱ्यात नेले. त्यांना पापाचे भय होतेच. पण त्याहून मोठे भय त्यांनीच सांगितले.

"माझे अकरा बसणारे आहेत. सगळे माझे देणेकरी. एकाचा कागद फाडला की उद्या अकराही दारांत हेच."

"फाडू नका. फेडून घ्या," मी म्हणालो. "भत्ता साठ तुम्हीच वेगळा मांडायला लावलात. बसणाऱ्याचा भत्ता, असे शब्द आहेत. तो त्याच्या नावे जमा करा. दया नव्हे, मजुरी."

त्यांनी मनात हिशेब केला. "एकाहत्तरांतून साठ गेले, अकरा रुपये उरतात."

मला वाटले, सोडतील. माणूस मरायला टेकलेला, आळी पाहते आहे, स्वतः विडा थुंकून आलेले. पण अकरा रुपये सोडणे त्यांच्या जिवावर आले. आणि मी, ज्याला घासाघिशीशिवाय दुसरे येत नाही, मीही घासाघीस करू लागलो. आठ. दहा. साडेनऊ. म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर आली तेव्हा मी भानावर आलो. पाचशे चाळिसांवर माझी दलाली दोन्हीकडची मिळून पावणेअकरा रुपये होत होती.

"माझी दलाली धरा. वरचे चार आणे हे घ्या." आणि कनवटीचे चार आणे काढून त्यांच्या लाल हातावर ठेवले.

त्यांनी ते मोजून घेतले.

म्हातारा म्हणाला होता, कागद हातात पाहिजे. कागद चिंतोपंतांच्या घरी. राणूला धाडले. राणू कधी धावताना कोणी पाहिला नव्हता, त्या दिवशी आळीने पाहिला. तो परत येईतो माझ्याइतका भ्यालेला माणूस त्या ओट्यावर दुसरा नव्हता. मी नरहरभटाच्या नाकाशी हात धरून बसलो होतो. श्वास येई, मग येत नसे, मग येई. न येई तेव्हा मीही घेत नसे. रामजी दारातून पुटपुटत होता, "अण्णा, आहे ना? अण्णा, आहे ना?"

राणू आला. चिंतोपंतांनी रोख्याच्या पाठीवर 'भरून पावले' लिहिले आणि कागद म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, अक्षर ओळखले, कमरेला खोचला. मग हात लांब करून तांदळाला लावला. मी रामजीकडून दूध घेऊन चमच्याने त्याच्या ओठात सोडले. पहिले सगळे बाहेर आले. दुसरेही. तिसरे गेले.

थोड्या वेळाने कौलांतून धूर निघाला. समोर राणू बसला होता, तो सवयीने उठून उभा राहिला आणि मग खाली बसला.

गोष्ट इथे संपली असती तर देवळात सांगायला बरी झाली असती. पण मी जामीन होतो. बावीस महिने. महिना भरत आला की मी काही कारण काढून कसब्याकडे जाई आणि आळीच्या तोंडाशी उभा राही. रामजीचा हातोडा मला ओळखू येई. तो दोन जड आणि एक हलका असा ठोकतो. तो ऐकला की मला घरी जेवण गोड लागे. एकदा ऐकू आला नाही. मी आत गेलो तर रामजी पाय पसरून झोपलेला. अमावास्या होती, तांबट काम करीत नाहीत. इतका हिशेबी माणूस मी, पण तिथीचे भान राहिले नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस एक हप्ता खरोखरच मागे पडला. रामजी म्हणाला, आठ दिवस द्या. चिंतोपंतांचा काही निरोप नाही. निरोप नसणे हे मला निरोपाहून वाईट वाटत होते.

त्या आठवड्यात एका दुपारी मी पानावर बसलो. चित्राहुती घातली, आपोशनी घेतली, पहिला घास उचलला, आणि बायको बाहेरून आली. "ऐकलं का," ती म्हणाली, "दारात एक भटजी येऊन बसलेत. म्हातारे आहेत. पुढ्यात तांब्या आहे."

घास हातात राहिला. मी तो पानात परत ठेवला. पान सोडून उठू नये, पण उठलो. दाराशी गेलो तर नरहरभट, पाठमोरा, उंबऱ्याशी बसलेला. तसाच पंचा. तोच तांब्या.

"भटजी," मी म्हणालो, "कुणातर्फे?"

त्याने वळून पाहिले. अंगाने भरला होता. "अहो अण्णा! पत्ता विचारत विचारत आलो. पाय भरून आले, म्हटलं जरा टेकावं."

"कुणातर्फे आलात?"

"कुणातर्फे म्हणजे?"

"चिंतोपंतांनी पाठवलं?"

मग म्हाताऱ्याच्या ध्यानात आले आणि तो इतका हसला की खोकला लागला. "अण्णा, तुमच्या घरी नुसता पाहुणा म्हणून कोणी येतच नाही काय? मुलीला मुलगा झाला. लोणीहून पेढे घेऊन आलोय." आणि तांब्याच्या तोंडावरची पाने काढली. आत पेढे होते.

"मग दारात का बसलात? आत या."

"पाय चिखलाचे आहेत. आणि खरं सांगू का, दारात बसायची सवय झाली. आत बसलं की अवघडतं."

बायको मागून म्हणाली, "अहो, पान निवतंय तुमचं. भटजींचंही पान मांडते आत."

"इथं मांड," मी म्हणालो. "ओट्यावर. आधी त्यांचं."

तिने माझ्याकडे असे पाहिले की आज उन्हात फिरलात काय. पण पाट मांडला, पान वाढले. भटजींनी पाय धुतले, बसले, आपोशनी घेतली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. ते पेढे आणणारे होते, पाहुणे होते, त्यांच्या मुलीला मुलगा झाला होता. हे सगळे मला कळत होते.

त्यांनी भाताचा घास घेतला, चावला. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. मग मी आत जाऊन जेवायला बसलो.